खेळपट्टीवरचा चीक

भाऊला जाऊन आता दोन महिने होत आले. दहावा झाला, गंधमुक्ती झाली, तरी माणसं अजून दारावर येतात. ज्याला तेव्हा जमलं नाही तो आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनीही येतो, ओट्यावर बसतो, पाणी घेतो, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढतो आणि उठतो. भाऊची आठवण काढताना जवळजवळ प्रत्येक जण खेळपट्टीवर येतो. "त्याच्यासारखं पीच जिल्ह्यात कोणी केलं नाही," असं म्हणतो. मग आवाज खाली आणून, "राजकारण केलं हो त्यांनी. नाहीतर त्याच्या हातातून कोण काढून घेणार होतं?" असं विचारतो. मी मान हलवतो. वहिनी दाराआडून ऐकत असते.

राजकारण कोणीही केलं नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं. तोंडाने सांगायला गेलो की माझी वाक्यं मध्येच तुटतात, म्हणून लिहून ठेवतो आहे.

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आमचं गाव फैजपूरच्या पुढे, केळीच्या पट्ट्यात. वडिलांच्या पाठीमागे त्याने काही वर्षं शेती केली, मग जळगावला आला आणि शहराच्या कडेला असलेल्या मैदानावर माळी म्हणून लागला. गवत कापायला ठेवलेला माणूस हळूहळू खेळपट्टी करायला शिकला, आणि पुढे मैदानाची सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली. मी शिकलो, महाविद्यालयात ग्रंथपाल झालो, जळगावातच मेहरूणला घर घेतलं. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी मैदानावर जाऊन बसायची सवय लागली. क्रिकेट मला पुस्तकातून कळत होतं. भाऊला ते पायाच्या तळव्यातून कळायचं. तो अनवाणी खेळपट्टीवर चालायचा आणि मागे वळून म्हणायचा, "वाचनालय, पाह्य जरा, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? पाणी द्यायचं का नई?" मी काही सांगितलं तरी तो उलटच करायचा, आणि ते बरोबर निघायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात राज्याच्या संघाचा चार दिवसांचा एक सामना आमच्या मैदानाला मिळाला. प्रथम श्रेणीचा सामना. असा सामना आमच्याकडे फार वर्षांत झाला नव्हता. मोठ्या शहरांतली मैदानं लग्नसराईत किंवा दुरुस्तीत अडकलेली, म्हणून आमची वर्णी लागली असं कोणी म्हणे. भाऊला ते पटायचं नाही. संघाचा हंगाम वाईट चालला होता. बाहेरचे दोन सामने गमावले होते, एक पावसाने वाया गेला होता. इथे निदान पहिल्या डावाची आघाडी मिळाली तर गटात टिकणार, नाहीतर हंगाम संपल्यातच जमा. पण भाऊचं लक्ष गुणतक्त्यावर नव्हतं. संघटनेच्या सचिवांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "या सामन्यात खेळपट्टीला चांगला शेरा मिळाला तर दर हंगामात एक सामना इथे, आणि तो तुमच्याच हातात. वाईट मिळाला तर परत नाव काढू नका."

त्या दिवसापासून त्याचं जेवणाचं लक्ष गेलं. वहिनी म्हणायची, "लेकीच्या लग्नात इतका घोर नव्हता लागला यांना."

सामन्याला पाच दिवस राहिले होते तेव्हा वारा फिरला. थंडी पडायची ती पडेना, दुपारी कोरडं ऊन, आणि पूर्वेकडून सुटलेला वारा ओली माती तासाभरात फिकी करून टाकायचा. काळी माती एकदम वाळली की तडकते, आणि सामन्याआधीच तडकली की चौथ्या दिवशी चेंडू कुठे जाईल याचा नेम राहत नाही. भाऊची यावर स्वतःची एक रीत होती. पाणी देऊन रोलर फिरवला की तो खेळपट्टीवर केळीची वाळलेली पानं अंथरायचा आणि त्यावर गोणपाट. पानांखाली माती हळू वाळते, घामेजत नाही, बुरशीही धरत नाही. जिल्ह्याच्या सामन्यांना तो वर्षानुवर्षं हेच करत आला होता. बाहेरचे लोक हसायचे. "पंगत बसवतो का रे भाऊ?" असं विचारायचे. "बसा ना," भाऊ म्हणायचा, "वाढतो तुमाले माती."

या वेळी मैदानामागे साठवलेली पानं कोणीतरी शेकोटीत घातली होती. भाऊ रोलर सोडून जाऊ शकत नव्हता. त्याने मला सांगितलं, "गावाले जा. आपल्या चुलतभावाच्या मळ्यातून टेम्पोभर पानं घेऊन ये. संध्याकाळच्या आत."

मी सकाळी निघालो. मळ्यात पोचलो तर चुलतभाऊ बाजाराला गेलेला. मळ्यावरच्या माणसाने वाळलेली पानं दाखवली; पाऊस लागून कुजलेली, हातात घेतली की भुगा व्हायची. शेजारीच त्या दिवशी छाटलेल्या हिरव्या पानांचा ढीग होता. रुंद, गार, ताजी पानं. मी भाऊला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तो त्या वेळी संघटनेच्या कचेरीत अचानक ठरलेल्या बैठकीला बसलेला होता, हे मला नंतर कळलं. मी विचार केला की मातीतला ओलावा धरायचा तर हिरवं पान उलट चांगलंच. तर्क सरळ होता. मी मळ्यावरच्या माणसाला म्हटलं, "हीच भर."

तो म्हणाला, "हिरवी?"

"हो, हिरवीच."

त्याने माझ्या स्वच्छ सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पानं भरायला लागला. मी त्याला मदतही केली नाही. टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

केळीवाल्यांच्या घरात शेतातले कपडे वेगळे असतात. केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो, लागला तेव्हा कळत नाही. सकाळी उठून पाहावं तर तिथे काळा डाग असतो, आणि तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. हे आमच्याकडच्या पोरासोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण एखाद्या पुस्तकात वाचल्यासारखं माहीत होतं. लहानपणी अभ्यास करतो म्हणून मला मळ्यात पाठवत नसत. माझ्या एकाही कपड्यावर तो डाग कधी पडलेला नव्हता.

नशिराबादपाशी वाहनांची रांग लागली होती. मैदानावर पोचेपर्यंत दिवस कलला. भाऊ अजून कचेरीतच. मैदानावर नाना होते, भाऊचे मदतनीस, धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूच्या एका कोरडवाहू गावातले. वयाने भाऊपेक्षाही मोठे, पण रोलर ओढायला दोन तरण्यांना भारी. खेळपट्टीला नुकतंच पाणी दिलेलं होतं, वारा सुटलेला होता, आणि नाना हातात गोणपाट घेऊन रस्त्याकडे बघत उभे होते.

"मास्तर, लवकर करा. बठ्ठं पानी वारा पी जाई."

"भाऊला येऊ द्यायचं का?"

"भाऊ येवालोंग माती तडकी जाई."

आम्ही दोघांनी पानं अंथरली. कापलेले दांडे एका बाजूला यावेत म्हणून मी नीट रांगेने लावली, सगळे दांडे पॅव्हेलियनच्या टोकाकडे. पुस्तकं लावावीत तशी. वरून गोणपाट टाकलं. नानांना केळीचं काही माहीत असायचं कारण नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं होतं तो मी होतो.

भाऊ सकाळी उजाडायच्या आत मैदानावर गेला. मी पोचलो तेव्हा पानं बाजूला काढून ठेवलेली होती आणि तो खेळपट्टीच्या टोकाशी उकिडवा बसला होता. पॅव्हेलियनच्या बाजूला, गोलंदाज चेंडू टाकतात नेमक्या त्या टप्प्यावर, काळे थेंब उमटले होते. काही नखाएवढे, काही रुपयाएवढे. दहा-बारा असतील.

नाना म्हणाले, "भाऊ, हाई काय व्हयनं? काल ते काहीच नव्हतं."

भाऊने एक पान उचललं. दांड्याचा कापलेला शेंडा बोटाने दाबला, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसावं तसं.

"तू केळीवाल्याचा पोरगा ना रे?" त्याने विचारलं.

नाना घाईघाईने म्हणाले, "मी बी लावं ना संगे. आमनाकडे केळी कोठे शे, बाजरी शे. माले काय मालूम?"

"तुमचं काय नई नाना," भाऊ म्हणाला. "बाजरीवाल्याले कोण विचारतं?"

डाग खरवडता येत नव्हता, कारण खरवडलं की खळगा पडणार. वर माती टाकता येत नव्हती, सुटी माती चेंडूबरोबर उडणार. रोलर फिरवला तर डाग अजून आत जाणार. भाऊने तरी हलका रोलर दोनदा फिरवला. डाग होते तिथेच राहिले, उलट वाळल्यावर जास्त काळे दिसायला लागले. त्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट सांगितली. "हे पाह्य. कोणी विचारलं तर पानं मी टाकली. तू तठी नव्हता."

"पण भाऊ..."

"पण नई. माळ्याने चूक केली तर ती चूक असते. परक्याने केली तर त्याच्या मागे काय काय निघतं. तू तठी नव्हता."

सामन्याच्या दोन दिवस आधी सामनाधिकारी आले. बाहेरच्या राज्यातले, जुने खेळाडू, शांत माणूस. खेळपट्टीपाशी आले, बसले, चष्मा काढून डाग बघितले.

"ये क्या है? ऑइल?"

"नई साब," भाऊ म्हणाला. "केला."

"केला?"

"केले के पत्ते का पानी, साब. मैंने डाला. पत्ता डाला, पानी अपने आप गिरा."

साहेबांनी भाऊच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग एक चेंडू मागवला आणि बॅटने डागांवर ठोकून बघितला, दहा-वीस वेळा. चेंडू नीट उठत होता. त्यांनी डागाचं बोटाने माप घेतलं, फोटो काढले. शेवटी म्हणाले, सामना होईल. पण त्या जागेवरून एक जरी चेंडू विचित्र वागला तर आपण सामना थांबवू, आणि मग हे मैदान यादीतून जाईल. भाऊने मान खाली घालून ऐकलं. ते गेल्यावर खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि न खाता परत ठेवून दिली.

पहिल्या दिवशी लोक चांगले जमले होते. शाळांना सुट्टी दिली होती, महाविद्यालयातले माझे जुने सहकारी आले होते. ते मला हात करून बोलवत होते आणि मी जात नव्हतो. मी भाऊजवळ, साइटस्क्रीनच्या सावलीत बसलो होतो. पाहुण्यांची फलंदाजी. आमचा वेगवान गोलंदाज पॅव्हेलियनच्या समोरच्या टोकाकडून यायचा, आणि त्याचा प्रत्येक चेंडू त्या काळ्या ठिपक्यांच्या आसपास पडायचा. प्रत्येक चेंडूला भाऊचा खालचा ओठ आत जायचा. मी चेंडू बघायचं सोडून तो ओठ बघायला लागलो. ओठ बाहेर आला की समजायचं, चेंडू नीट गेला.

जेवणाच्या सुट्टीआधी एक चेंडू तिथून वर उसळला आणि फलंदाजाच्या ग्लोव्हजवर बसला. फलंदाजाने हात झटकला. पंच चालत गेले, दोघंही वाकून बघायला लागले. सामनाधिकारी वरच्या काचेमागे उभे राहिलेले दिसले. मागे एक जण भेळवाल्याला म्हणाला, "थांब रे, कागद वाजवू नको."

पंच सरळ झाले. एकाने हात हलवला. खेळ पुढे सुरू झाला.

भाऊ म्हणाला, "तो चेंडू शिवणीवर पडलता. डागावर नई." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "डागावर नई पडला."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा डाव संपला आणि आपली फलंदाजी सुरू झाली. आता तेच डाग आपल्या फलंदाजांसमोर. सगळं ठीक चाललं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत मी पाणी प्यायला पॅव्हेलियनमागे गेलो तेव्हा पाहुण्या संघाचे व्यवस्थापक कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. ते म्हणत होते की हे डाग आपोआप पडलेले नाहीत. ग्राउंड्समनला सांगून हे करून घेतलं आहे. चौथ्या दिवशी इथल्या फिरकी गोलंदाजांना नेमका टप्पा दिसावा म्हणून. "केला-वेला सब बहाना है," ते म्हणाले. ऐकणारे दोघंतिघं हसले.

मी तसाच उभा राहिलो. भाऊला मूर्ख म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं, त्याला स्वतःलाही ते चाललं असतं. पण त्याला लबाड म्हटलं होतं. आयुष्यभर ज्या मातीवर तो चप्पल घालून उभा राहिला नाही, तिच्यावर त्याने लबाडी केली असं.

मी भाऊकडे परत गेलो नाही. हे मला आज पुन्हा पुन्हा आठवतं. तो साठ-सत्तर पावलांवर बसलेला होता, डबा उघडून, माझी वाट बघत. मी पॅव्हेलियनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो आणि कागद मागून घेतला. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, सगळी हकीकत लिहिली. पानं कुठून आणली, हिरवी का आणली, कोणी अंथरली, मैदानाचे प्रमुख त्या वेळी कुठे होते, चीक म्हणजे काय. दोष त्यांचा नसून माझा आहे. खाली सही केली, पत्ता लिहिला. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की बोललेलं विरून जातं, लिहिलेलं टिकतं. कागद घेऊन वर गेलो आणि सामनाधिकाऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून मला बसायला सांगितलं.

"आप स्टाफ में हैं?"

"नाही."

"ग्राउंड के किसी रजिस्टर में नाम है आपका?"

"नाही. मी त्यांचा भाऊ आहे."

खाली खेळाडू परत मैदानात उतरत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, की मॅनेजर काय बोलतो आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. ग्राउंड्समनकडून चूक झाली एवढंच ते लिहिणार होते, आणि चेंडू नीट वागतो आहे म्हणून तेही बारीक अक्षरात. पण सामन्याच्या आठवड्यात बाहेरच्या माणसाने खेळपट्टीला हात लावला, आणि प्रमुखाने ते लपवलं, हे आता त्यांच्यासमोर कागदावर होतं. तो कागद ते फाडू शकत नव्हते.

"आपने लिख के क्यों दिया?" ते म्हणाले. "बोल देते."

खाली आलो तेव्हा भाऊने माझा डबा झाकून ठेवलेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मैदानाकडे बघत राहिला. षटक संपलं, दुसरं संपलं.

"जेवून घे," तो म्हणाला. "भाकरी कडक होईल."

सामना चौथ्या दिवशी चहापानानंतर संपला. अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाची आघाडी आपल्याला मिळाली होती आणि संघ गटात टिकला. चारही दिवसांत त्या डागांवरून एकही चेंडू वाकडा गेला नाही. दोन्ही कर्णधारांनी खेळपट्टी चांगली होती असं सांगितलं. पाहुण्यांचा कर्णधार जाताना भाऊजवळ आला, हात मिळवला आणि म्हणाला, "चाचा, केला अच्छा था." सगळे हसले, भाऊही हसला. तो खरोखर हसला होता, ते मला नीट आठवतं. त्याला अजून वाटत होतं की एवढं झाल्यावर कागदाचं काही होणार नाही.

महिनाभराने संघटनेचं पत्र आलं. इंग्रजीत होतं म्हणून भाऊने मला बोलावून घेतलं. वहिनीने चहा केला आणि दाराला टेकून उभी राहिली. मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. खेळपट्टीचा दर्जा चांगला. मैदानाला पुढच्या हंगामातही सामना देण्यात येईल. मात्र सामन्यापूर्वी एका अनधिकृत व्यक्तीने खेळपट्टी हाताळल्याचं व ते दडवल्याचं निदर्शनास आल्यामुळे, यापुढे प्रथम श्रेणीच्या सामन्यांची खेळपट्टी बाहेरून नेमलेल्या क्युरेटरच्या ताब्यात राहील, आणि सध्याच्या प्रमुखांनी त्या काळात खेळपट्टीभोवतीच्या आतल्या चौकात प्रवेश करू नये.

"सामना मिळाला म्हणजे," भाऊ म्हणाला.

"हो."

"आणि मी बाहेर."

"हो."

त्याने पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "याच्यात तुझं नाव आहे का?"

"नाही. अनधिकृत व्यक्ती, एवढंच आहे."

"बरं झालं. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाचं नाव कायले यायला पायजे?"

वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "भाऊजी, यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, की तुम्ही तिथे नव्हता?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी त्या व्यवस्थापकाचं बोलणं सांगितलं. भाऊला लबाड म्हटलं ते मला ऐकवलं नाही, असं म्हटलं. वहिनी ऐकत होती. भाऊने मध्येच हात वर केला.

"तो तर चार दिवसांनी गाडीत बसून जाणार होता रे," तो म्हणाला. "त्याच्या म्हणण्याने मले काय होणार होतं? पानांच्या वेळी तू दोनदा फोन तरी केलता. कागदाच्या वेळी मी समोर बसलेलो होतो. मले विचारायचं होतं."

यापलीकडे तो त्या विषयावर माझ्याशी कधी बोलला नाही. जिल्ह्याचे सामने होते, शाळांचे होते, तो पूर्वीसारखाच मैदानावर जात होता. मीही संध्याकाळी जायचो. फक्त पाणी द्यायचं का नाही, हे त्याने मला विचारायचं बंद केलं.

पुढच्या हंगामात सामना आला तेव्हा आठवडाभर आधी क्युरेटर आला. तिशीतला, अभ्यासू, मोबाइलमध्ये मातीचं तापमान बघणारा. भाऊ सीमारेषेच्या दोरीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, चपला काढून. पहिले दोन दिवस क्युरेटर त्याच्याकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच कोरडा वारा सुटला. खेळपट्टीच्या कडेला केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या. नाना आत होते, ते एकदा क्युरेटरकडे आणि एकदा दोरीकडे बघत होते. दुपारी क्युरेटर दोरीपर्यंत चालत आला आणि भाऊसमोर उकिडवा बसला.

"आबा, काय करू?"

भाऊने सांगितलं. पाणी किती, कधी, रोलर कोणता, गोणपाट किती वाजता काढायचं. केळीच्या पानांचं नाव त्याने घेतलं नाही. तो मुलगा मोबाइल खिशात ठेवून ऐकत होता. सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो रोज येत होता, आणि भेगा वाढल्या नाहीत. सामन्याच्या दिवशी सकाळी, नाणेफेकीच्या आधी, तो दोरीशी आला. त्याने सचिवांशी बोलून भाऊसाठी आत यायचा पास आणला होता. सचिव स्वतः बरोबर होते, नाना होते, मी होतो.

"चला आबा," तो म्हणाला, "एकदा पाय लावून बघा. मला सांगा कशी झाली आहे."

खुर्चीपासून खेळपट्टी शंभरेक पावलांवर असेल. भाऊ उठून उभा राहिला. पास हातात घेतला, त्यावरचं स्वतःचं नाव बघितलं. दोरी त्याच्या पायाशी होती. मला वाटलं तो जाणार. मी नकळत एक पाऊल बाजूला सरकलो, त्याला वाट द्यायला.

त्याने पास परत केला.

"नको रे बापा," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर आमचा मास्तर खरं सांगून देईल."

सगळे हसले. सचिव तर मोठ्याने हसले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नानांनी मान दुसरीकडे फिरवली. मीही हसलो, कारण न हसता तिथे उभं राहता आलं नसतं. आत नाणं उडालं. भाऊ खाली बसला, चपला खुर्चीखाली नीट सरकवल्या आणि पहिला चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे वाकला. तो स्वतः हसला होता की नाही, हे मी गेले दोन महिने आठवून बघतो आहे. मी त्या वेळी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.